इस्कोचे बांबू

समजा, तुम्ही अनवाणी उभे आहात. समोर जमिनीवर दोन लांब बांबू आडवे ठेवलेत, एकमेकांना समांतर. दोन्ही टोकांना एकेक जण उकिडवा बसलाय आणि त्यांच्या हातांत बांबूंची टोकं आहेत. बांबू आधी खालच्या लाकडावर आपटतात आणि मग एकमेकांवर. टक् टक् खट्. टक् टक् खट्. बांबू दूर असतील तेवढ्यात पाय आत टाकायचा आणि ते जवळ यायच्या आत बाहेर काढायचा. चुकलात तर घोटा सापडतो आणि भोवतालची पोरं पोट धरून हसतात. आलं डोळ्यांसमोर? मग उचला पाय.

माझा घोटा पहिल्याच फेरीत सापडला.

"तीता, खाली बघू नका!" निंग ओरडली. "खाली बघितलं की बांबू चावतो."

"खाली नको तर कुठं बघू?"

"समोर! नाचणारा समोर बघतो. बांबूकडे बांबूवाला बघतो."

"तीता गवत खातात ना, म्हणून पाय जड झालेत," एक पोरगा म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले. मी मासे-मटण खात नाही, हा त्या गल्लीतला सर्वांत जुना विनोद होता.

ही गोष्ट चाळीसएक वर्षांपूर्वीची, फिलिपिन्समधली. माझे यजमान तिथल्या भाताच्या संशोधन केंद्रात कामाला होते आणि आम्ही एका मोठ्या सरोवराच्या काठी, लहानशा गावात भाड्यानं राहत होतो. दुपारी शाळा सुटली की शेजारची मुलं आमच्या ओसरीवर गणितं सोडवायला यायची. मोबदल्यात ती मला त्यांची भाषा शिकवायची आणि हा बांबूंचा नाच. तिथं आईला नानाय म्हणतात, वडलांना ताताय, आणि शेजारची मावशी-काकू म्हणजे तीता. म्हणून मी तीता कुमुद.

निंग त्या मुलांत सगळ्यात चपळ. अकरा वर्षांची, काटकुळी, पुढचा एक दात तिरका. ती बांबूंमध्ये शिरली की पाय दिसायचेच नाहीत, फक्त परकराची लाट दिसायची. पण मुलांचे बांबू होते अगदीच टाकाऊ; एक तर मधोमध चिरलेला होता आणि त्याचा आवाज फाटका येई.

त्या दिवशी माझं लक्ष निंगच्या घराखाली गेलं. तिकडची घरं लाकडी खांबांवर उंच बांधलेली असतात आणि खालची जागा मोकळी असते. तिथं दोन सुरेख बांबू खांबाला दोरीनं बांधून उभे केले होते. हाताळून हाताळून पिवळे, गुळगुळीत झालेले.

"अगं, ते घेऊ या की!" मी म्हटलं.

हसणारी मुलं निंगकडे बघायला लागली.

"ते कुयाचे आहेत," निंग म्हणाली. कुया म्हणजे थोरला भाऊ.

"मग त्याला विचारू या. कुठं आहे तो?"

"सरोवरावर गेलाय."

"संध्याकाळी येईल ना?"

निंगनं चिरलेला बांबू उचलला आणि त्याची चीर बोटानं दाबून बघितली. "नानाय म्हणते, येईल."

मला वाटलं, भाऊ दूर कुठंतरी मासेमारीच्या होड्यांवर कामाला असेल. तिथली कितीतरी मुलं महिनोन् महिने बाहेर असत. मी पुढं काही विचारलं नाही.

निंगच्या आईचं नाव सेलिंग. मोठ्या बाईच्या नावाआधी तिकडे आदरानं आलिंग लावतात. आलिंग सेलिंगला मी आदल्या वर्षी गावच्या जत्रेत नाचताना पाहिलं होतं. त्या गावचं दैवत म्हणजे येशूची आई मारिया, आणि तीही दुःखी रूपातली. मुलाचं मरण पाहिलेली, काळा झगा घातलेली, छातीत चांदीच्या तलवारी रुतलेली. तिची मूर्ती खांद्यावर घेऊन गावातून मिरवतात आणि तिच्यापुढे अख्खं गाव बँडच्या तालावर नाचतं. हात वर करून, उड्या मारत, एकमेकांवर पाणी उडवत. आपल्याकडे देवीच्या छबिन्यापुढे नाचतात तसंच, पण त्याहून हसरं.

मी तेव्हा लोला तालेला विचारलं होतं, "रडणाऱ्या आईपुढे एवढं नाचता कसे तुम्ही?" लोला म्हणजे आजी. ही ताले आजी नाचणाऱ्यांच्या सगळ्यांत पुढे असे. कुणी कुठं नाचायचं, कुणाचा परकर लोंबतोय, कुणाच्या तोंडाला दारूचा वास येतोय, सगळ्यांवर तिची नजर.

ती म्हणाली, "रडणाऱ्या बाईसमोर आपणही रडत बसलो तर तिला हसवायचं कुणी?"

त्या गर्दीत आलिंग सेलिंग सगळ्यांहून जोरात नाचत होती. घामानं न्हालेली, तोंडभर हसू. मी घरी येऊन यजमानांना म्हटलंसुद्धा, इतकी आनंदी बाई मी पाहिली नाही.

त्या वर्षी जत्रा तोंडावर आली असताना ती घराच्या ओल्या पायरीवरून घसरली. मी मुगाची खिचडी घेऊन बघायला गेले तेव्हा म्हातारा हाडवैद्य तिच्या घोट्याला खोबरेल तेल चोळत होता. घोटा सुजून टम्म झालेला. निंग चुलीपाशी भात बघत होती. तिचे वडील, मांग दोरो, दारात बसून जाळं विणत होते. मांग हेही आदराचंच, पुरुषाच्या नावाआधी.

"रविवारपर्यंत चालता येईल?" आलिंग सेलिंगनं विचारलं.

"काठी घेऊन चालशील," म्हातारा म्हणाला.

"आणि नाचता?"

"नाचायचं नाव काढलंस तर जन्मभर लंगडशील. या वर्षी बस की जरा खिडकीत. देवी काय पळून जातेय?"

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिनं मान वळवून चुलीकडे पाहिलं.

"निंग नाचेल," ती म्हणाली. "माझ्या जागी."

"सेलिंग, पोर लहान आहे," मांग दोरो जाळ्यातून नजर न काढता म्हणाले.

"पाय आहेत ना तिला?"

मांग दोरोंच्या हातातला धागा थांबला. मग पुन्हा चालू झाला. निंगनं भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं होतं, तरी काढून पुन्हा ठेवलं.

मी बाहेर पडले तर ताले आजी पायरीशी चपला काढत होती. तिला मी म्हटलं, "लोला, एवढं काय अडलंय? एक वर्ष नाही नाचलं तर?"

आजीनं माझा हात धरून मला कुंपणापाशी नेलं.

"तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. तिचा इस्को तीन वर्षांपूर्वी वादळात सरोवरावर गेला. मासे कोंडायचं बांबूचं कुंपण वाहून जाईल म्हणून बांधायला. होडी आली. पालथी. तो आला नाही."

"मग..."

"तिसऱ्या दिवशी सेलिंग चर्चमध्ये देवीपुढे उभी राहिली. मी तिथंच होते. म्हणाली, तुझा मुलगा तिसऱ्या दिवशी उठून आला. माझाही दे. तो येईपर्यंत मी दरवर्षी तुझ्यापुढे नाचेन."

नवस. आपल्याकडे बोलतात तसाच. मला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर छातीवर काळ्या कापडाचा तुकडा टाचतात," आजी पुढे म्हणाली. "आणि काळं लावलं की वर्षभर नाचायचं नाही. वर्ष झालं की सगळ्यांना जेवायला घालून काळं उतरवायचं. मग माणूस हलका होतो. सेलिंगनं काळं लावलंच नाही. ज्यानं काळं लावलं तो नाचत नाही. आणि जो नाचतो त्याच्या घरी कुणी मेलेलं नाही. म्हणून ती नाचते. कळलं? नाचली नाही तर त्या दिवशी इस्को मरेल."

"आणि तुम्ही कुणी तिला काही बोलत नाही?"

"तू बोलशील?" आजी म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं गणितं सोडवून गेली तरी निंग ओसरीवरून उठली नाही. तिनं वही उघडलीच नव्हती.

"तीता, तुमच्याकडे नवस असतात?"

"असतात की."

"आणि देवानं ऐकलं नाही तर?"

"तर देवाला मुदत वाढवून देतात."

ती थोडी हसली. तिरका दात दिसला. "कुठपर्यंत?"

मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

"कुया मला पोहायला शिकवायचा," ती म्हणाली. "मला दमवायचा, मग पाठीवर घेऊन काठावर आणायचा. तो कुठं असता ना तीता, तर पोहत आला असता." हे ती अगदी सरळ आवाजात बोलली. मग म्हणाली, "नानाय म्हणते, तू नाचली नाहीस तर त्याला घरची वाट सापडणार नाही."

"तुला नाचायचं नाहीये का?"

"मला नाचायला आवडतं." तिनं परकराच्या ओच्यातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. काळ्या कापडाचा एक तुकडा, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, त्यात टाचणी. कापड धुऊन धुऊन करडं व्हायला आलेलं.

"हे कुठं मिळालं?"

"ताताय चर्चमध्ये घालतात ना, त्या सदऱ्याला. आतून लावलं होतं, खिशाच्या मागं, म्हणजे बाहेरून दिसत नाही. नानायचा पाय दुखतोय म्हणून काल कपडे मी धुतले." तिनं टाचणी बोटानं सरळ केली. "ताताय दरवर्षी देवीची पालखी उचलतात. मला वाटायचं, त्यांना ताकद आहे म्हणून."

पालखी उचलणाऱ्याला नाचावं लागत नाही. हे मला तेव्हा कळलं, आणि तिला आदल्या दिवशी.

"मी नाचले तर ताताय एकटे पडतात," निंग म्हणाली. "नाही नाचले तर नानाय. काय करू?"

मोठ्या माणसांनी अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलायचं असतं. गणितात मूल अडलं की मी विचारते तेच विचारलं.

"दिलेलं काय आहे, ते आधी सांग."

तिनं बोटांवर मोजलं. "नानाय नाचते. ताताय काळं लावतात. कुया येत नाही."

"आणि काढायचं काय आहे?"

मग तिनं माझ्या हातावरचा तुकडा उचलला आणि पुन्हा ओच्यात बांधला. "रविवारी अंगावर काय घालायचं, ते," ती म्हणाली आणि वही घेऊन घरी गेली.

रविवारी सकाळी मी आलिंग सेलिंगबरोबर तिच्या खिडकीत बसले. तिचा पाय उशीवर होता. तिनं आपला जत्रेचा पिवळा परकर स्वतः टाके घालून निंगच्या मापाचा केला होता आणि तिला पहाटेच चर्चकडे पाठवलं होतं. खालच्या रस्त्यावर पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. पोरं एकमेकांना भिजवत होती.

"हात वर ठेव म्हणाले तिला," आलिंग सेलिंग मला सांगत होती. "ती खांदे पाडते. इस्को तिला नेहमी बोलायचा. तो बांबू धरून बसला ना, की कुणालाही सोडायचा नाही. खांदे पाडले की मुद्दाम ताल वाढवायचा." ती हसली. "आल्यावर विचारेल, कशी नाचली म्हणून."

बँड जवळ आला. वळणावर आधी ताले आजी दिसली, मग नाचणारी गर्दी, मग सगळ्यांच्या डोक्यांवरून डुलत येणारी काळ्या झग्यातली देवी. पालखीच्या पुढच्या दांड्याखाली मांग दोरो होते.

पण काहीतरी चुकत होतं. गर्दी नाचत होती, मात्र मध्ये एका जागी ती फाटल्यासारखी झाली होती. त्या मोकळ्या जागेत निंग एकटी नाचत होती. पिवळा परकर, पिवळं पोलकं, हात वर, खांदे ताठ. आणि पोलक्यावर, डाव्या बाजूला, काळा तुकडा.

तिच्या आजूबाजूच्या बायकांचे पाय अडखळत होते. एकीनं छातीवर क्रूसाची खूण केली. बँडमधल्या ढोलवाल्यानं काठी हवेतच धरली.

ताले आजी मागे वळली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या खिडकीच्या अगदी खाली.

"निंग, ते काढ. नाहीतर बाजूला हो. दोन्ही चालत नाही."

निंग थांबली नाही. बँड थांबला होता, तरी तिचे पाय चालूच होते. नजर समोर.

"लोला, हिनंपण काळंच घातलंय," ती म्हणाली आणि देवीकडे हात केला. तिला धाप लागली होती. "हिचापण मुलगा गेलाय. मग हिच्यापुढे कसं चालतं?"

पिंपातून पाणी गळत होतं तेवढाच आवाज. आजीनं देवीकडे पाहिलं, जणू कित्येक वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. मग तिनं हळूच एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि निंगच्या बाजूला जाऊन ती नाचू लागली. ढोल पुन्हा सुरू झाला.

मांग दोरोंनी तो तुकडा ओळखला होता. त्यांचे दोन्ही हात दांड्यावर होते, म्हणून त्यांना डोळे पुसता येत नव्हते.

मी आलिंग सेलिंगकडे बघायला धजत नव्हते. मला वाटलं, ती किंचाळेल, उठून खाली धावेल. ती नुसती खिडकीच्या चौकटीला धरून बसली होती.

"दोरोच्या सदऱ्यातलं आहे ते," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सदरे मीच धुते ना." देवी खिडकीसमोरून सरकत होती. "धुताना काढते. वाळला की परत लावते, होतं तिथंच."

"तीन वर्षं?"

पिवळा परकर वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

नवसाचा नाच चर्चच्या दारापर्यंत पुरा करावा लागतो. तो निंगनं पुरा केला, हे मला मागाहून कळलं. दुपार कलायला लागली तेव्हा ती वडलांबरोबर परत आली. आम्हाला त्यांची चाहूल लागली, पण पायऱ्यांवर पावलं वाजली नाहीत. ती वर आलीच नाही.

मग खालून दोरी सोडल्याचा आवाज आला.

तिकडच्या घरांची जमीन बांबूच्या पट्ट्यांची असते, फटींतून खालचं दिसतं. निंग खांबाला बांधलेले इस्कोचे बांबू सोडत होती. दोरीच्या गाठी तीन वर्षांत घट्ट बसल्या होत्या. तिनं त्या दातांनी सोडवल्या. मांग दोरो बाजूला उभे होते, मदत न करता. तिनं दोन ओंडके सरकवले, बांबू त्यांवर आडवे ठेवले, आणि एका टोकाला, जिथं इस्को बसून बसून खालची माती खोलगट झाली होती, तिथं जाऊन ती उकिडवी बसली. बांबूंची टोकं हातात घेतली. आणि थांबली. दुसऱ्या टोकाला कुणी असल्याशिवाय ते वाजत नाहीत.

"मला खाली न्या," आलिंग सेलिंग म्हणाली.

मी आणि मांग दोरोंनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. ती दुसऱ्या टोकाशी बसली, दुखरा पाय पुढं पसरून. समोर निंग होती, छातीवर काळा तुकडा, परकर चिखलानं भरलेला.

"नाचणार कोण?" आईनं विचारलं.

"कुणी नाही," निंग म्हणाली.

टक् टक् खट्. चांगल्या बांबूंचा आवाज किती भरीव असतो, हे मी तोवर ऐकलंच नव्हतं. टक् टक् खट्. गल्लीतली पोरं एकेक करून कुंपणाशी येऊन उभी राहिली. मध्ये पाय घालायला कुणी आलं नाही. बांबू दूर व्हायचे, मधली जागा मोकळी राहायची, पुन्हा जवळ यायचे.

थोड्या वेळानं आलिंग सेलिंगचे हात चुकले. मग ते थांबलेच. तिनं बांबू सोडून दिले, दोन्ही तळवे तोंडावर दाबले, आणि तीन वर्षं न रडलेली ती बाई रडायला लागली, मोठमोठ्यानं, गल्लीभर ऐकू जाईल असं.

मांग दोरो पुढं झाले. निंगनं मान हलवून त्यांना थांबवलं. तिनं आपली टोकं सोडली नाहीत, नजरही वर केली नाही. आईचे हात खाली येऊन पुन्हा बांबूंवर टेकेपर्यंत ती तशीच वाट बघत बसली, आणि ते टेकले तेव्हा पहिल्यापेक्षा हळू तालात तिनं पुन्हा सुरुवात केली.